प्रादेशिक सेनेची साहित्य व रसद व्यवस्था

प्रादेशिक सेनेची साहित्य व रसद व्यवस्था म्हणजे भारतीय प्रादेशिक सेनेच्या, म्हणजेच टेरिटोरियल आर्मीच्या तुकड्यांना शस्त्रे, दारूगोळा, गणवेश, वाहने, संदेशवहन यंत्रे व इतर सामग्री पुरवण्याची, ती साठवण्याची, तिची निगा राखण्याची आणि हिशेबासह परत घेण्याची पद्धती होय. प्रादेशिक सेनेतील सैनिक एरवी नोकरी, शेती वा व्यवसाय करतो आणि वर्षातील काही काळ प्रशिक्षणासाठी, किंवा शासनाने बोलावल्यास पूर्णवेळ सेवेसाठी, गणवेश चढवतो. त्यामुळे माणूस एका ठिकाणी, त्याची पलटण दुसऱ्या ठिकाणी आणि साहित्याचे भांडार तिसऱ्याच ठिकाणी, अशी स्थिती राखीव दलांत नेहमीची असते. ही तीन ठिकाणे ठरलेल्या वेळेत एकत्र आणणे हे या व्यवस्थेचे मुख्य काम आहे. ते साधले नाही, तर हजेरीपटावर पूर्ण असलेली पलटण प्रत्यक्षात मोहिमेवर निघू शकत नाही.

या लेखात महाराष्ट्रातील तुकड्या, राज्यातील लष्करी भांडारे आणि ठाणे जिल्ह्यातील वडपे-भिवंडी हा वाहतुकीचा पट्टा यांच्या संदर्भात या व्यवस्थेचा आढावा घेतला आहे.

संज्ञा व व्याप्ती

‘रसद’ हा शब्द मराठीत पूर्वी मुख्यतः सैन्याच्या धान्य-वैरणीच्या पुरवठ्यासाठी वापरला जात असे. आज त्यात साठवण, वाहतूक, दुरुस्ती, इंधन, वैद्यकीय साहित्य आणि नोंदी यांचाही समावेश होतो. राखीव दल ही संज्ञाही व्यापक आहे. भारतात तिच्याखाली ढोबळमानाने दोन गोष्टी येतात. पहिली, सेवा पूर्ण करून गेलेले परंतु गरज पडल्यास परत बोलावता येतील असे सैनिक. त्यांच्यासाठी १८८८ चा भारतीय राखीव दल अधिनियम आहे. दुसरी, नागरी जीवनात राहून अंशकालीन सेवा करणाऱ्यांची प्रादेशिक सेना; तिच्यासाठी १९४८ चा प्रादेशिक सेना अधिनियम आहे. पहिल्या प्रकारात परतलेला सैनिक नियमित पलटणीत सामावला जातो व तिथलेच साहित्य वापरतो. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण तुकडीच राखीव असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र साहित्य राखून ठेवावे लागते. साहित्य वितरणाचा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराशी निगडित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठेशाहीतील पद्धत

हंगामी सैन्याला साहित्य कसे द्यावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. पहिल्या पद्धतीत खर्च सरकारचा, पण साहित्य एकसारखे आणि ताब्यातले. दुसऱ्या पद्धतीत सरकारचा खर्च कमी, पण साहित्याचा दर्जा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर अवलंबून. सभासद बखरीतील वर्णनानुसार पागेतील पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद नेमलेला असे. लढणाऱ्या माणसांच्या संख्येशी पुरवठ्याच्या माणसांचे प्रमाण असे बांधून दिलेले होते.

पावसाळ्यात लष्कर छावणीस परते. त्यासाठी दाणा, वैरण, औषधे व घरे यांची तजवीज आधी करून ठेवली जाई. दसऱ्यानंतर लष्कर मोहिमेस निघताना प्रत्येकाजवळील वस्तूंची यादी होई व परतल्यावर तिच्याशी ताळा घेतला जाई. किल्ल्यांवर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन अधिकारी असत. कोठारे व साहित्य कारखानिसाकडे, तर हिशेब व हजेरी सबनिसाकडे असे. साठा सांभाळणारा आणि हिशेब लिहिणारा हे वेगळे असावेत, हे आजच्या भांडार व्यवस्थापनातील तत्त्व या रचनेत दिसते.

ब्रिटिश काळ

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत रसदीच्या अभावाची किंमत मराठी सैनिकांनी मोजली. सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नदीवरील वाहतुकीची साधने, वैद्यकीय साहित्य व धान्य यांचा पुरवठा अपुरा पडला. कुत येथे वेढली गेलेली ही फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने पुरवठ्याच्या व वैद्यकीय व्यवस्थेच्या अपयशावर कठोर टीका केली आणि त्यानंतर भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी भारतीय संरक्षण दल स्थापण्याचा कायदा झाला. १९२० मध्ये त्याची जागा दोन दलांनी घेतली: युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांसाठी सहायक दल आणि भारतीयांसाठी भारतीय प्रादेशिक दल. या दोन दलांमधील भेदभाव हा तेव्हाच्या राजकीय चर्चेचा विषय होता.

स्वातंत्र्यानंतर

१९४८ च्या अधिनियमानुसार उभारलेल्या प्रादेशिक सेनेचे उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाले. ९ ऑक्टोबर हा दिवस प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो. ‘सावधानी व शूरता’ हे सेनेचे ब्रीद आहे. नियमित सेनेला स्थिर स्वरूपाच्या कामांतून मोकळे करणे, नैसर्गिक आपत्तीत व अत्यावश्यक सेवा खंडित झाल्यास नागरी प्रशासनास साहाय्य करणे आणि गरजेनुसार नियमित सेनेस तुकड्या पुरवणे, ही तिची कामे आहेत. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत या सेनेच्या तुकड्यांनी भाग घेतला.

मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ अन्वये सेनाप्रमुखांना या सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्यास व सैनिकास बोलावण्याचे अधिकार दिले. त्या आदेशात ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी पूर्णवेळ सेवेत घेण्याचा उल्लेख होता. अशा प्रसंगी माणसे बोलावण्यास एक अधिसूचना पुरते. त्यांच्या साहित्याची तयारी मात्र आधीच्या अनेक वर्षांत झालेली असावी लागते.

महाराष्ट्रातील तुकड्या

राज्याशी संबंधित प्रमुख तुकड्या पुढीलप्रमाणे आहेत.

• १०१ इन्फन्ट्री बटालियन (प्रादेशिक सेना), मराठा लाइट इन्फन्ट्री: पुणे.
• १०९ इन्फन्ट्री बटालियन (प्रादेशिक सेना), मराठा लाइट इन्फन्ट्री: कोल्हापूर.
• ११८ इन्फन्ट्री बटालियन (प्रादेशिक सेना), ग्रेनेडियर्स: नागपूर, सीताबर्डी किल्ला.
• १३६ इन्फन्ट्री बटालियन (प्रादेशिक सेना) पर्यावरण, महार: छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्यात वृक्षलागवड हे तिचे मुख्य काम आहे.
• ४१४ आर्मी सर्व्हिस कोअर बटालियन मार्केटिंग (प्रादेशिक सेना): कामठी. ही तेल क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची विभागीय तुकडी असून इंधनपुरवठा अखंड ठेवणे हे तिचे काम आहे.

या यादीवरून ‘एकच साहित्यसूची सर्वांना’ हे सूत्र का लागू पडत नाही, ते स्पष्ट होते. पायदळ पलटणीला रायफली व बिनतारी संच लागतात. पर्यावरण पलटणीला कुदळी, पाण्याचे टँकर व रोपवाटिकेचे साहित्य लागते. तेल क्षेत्रातील तुकडीचा सैनिक आपल्या रोजच्या नोकरीत जी यंत्रे हाताळतो, तीच यंत्रे आणीबाणीतही चालवतो. विभागीय तुकड्यांचे हे वैशिष्ट्य रसदीच्या दृष्टीने लाभदायक ठरते, कारण त्यांचे मुख्य साहित्य रोजच्या वापरात असते व पडून खराब होत नाही.

साहित्याचे प्रकार

वैयक्तिक साहित्य: गणवेश, बूट, पाठपिशवी, पाण्याची बाटली, शिरस्त्राण, मच्छरदाणी इत्यादी. यात मापाला महत्त्व असते.

शस्त्रे व दारूगोळा: शस्त्रे पलटणीच्या शस्त्रागारात, म्हणजे सैनिकी बोलीत ‘कोत’मध्ये, क्रमांकवार नोंदीसह ठेवली जातात. दारूगोळ्याला ठरावीक आयुर्मर्यादा असते.

सामूहिक साहित्य: वाहने, तंबू, स्वयंपाकाची भांडी, जनित्रे, बिनतारी संच, नौका.

खर्चाचे साहित्य: शिधा, इंधन, औषधे, विद्युत घट. हे फार आधी घेऊन ठेवता येत नाही आणि ऐनवेळी मिळाले नाही तरी चालत नाही.

पुरवठ्याची साखळी

प्रादेशिक सेनेसाठी वेगळी पुरवठा शाखा नाही. नियमित सेनेचीच साखळी तिला साहित्य पुरवते. शस्त्रे, कपडे, सुटे भाग व दारूगोळा यांची जबाबदारी आर्मी ऑर्डनन्स कोअरकडे असते. शिधा, इंधन व वाहतूक आर्मी सर्व्हिस कोअरकडे, तर दुरुस्ती ईएमई या शाखेकडे असते. पलटणीत क्वार्टरमास्टर हा या सर्वांशी दुवा साधतो. तो मागणीपत्र पाठवतो, आलेला माल मोजून ताब्यात घेतो, कंपन्यांना वाटतो आणि निकामी वस्तू मंडळापुढे ठेवून नोंदीतून कमी करून घेतो.

महाराष्ट्र हे या साखळीचे महत्त्वाचे केंद्र आहे. मुंबईत कांदिवली येथे आणि पुण्याजवळ देहू रोड येथे लष्करी भांडारे आहेत. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. खडकी, देहू रोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, अंबाझरी व चांदा येथे आयुध निर्माणी आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात, तर यंत्र इंडिया लिमिटेडचे नागपुरात आहे.

प्रमुख अडचणी

दीर्घकाळ पडून राहणे: प्रादेशिक सेनेतील वार्षिक प्रशिक्षण साधारण दोन महिन्यांचे असते. उरलेल्या काळात पूर्णवेळ सेवेत नसलेल्या तुकडीचे बरेच साहित्य वापराविना राहते. कोकण व पश्चिम घाटाच्या दमट हवेत चामडे व कापड बुरसटते, दुर्बिणींच्या भिंगांवर बुरशी धरते, रबर चिरते, विद्युत घट उतरतात. वापराने जेवढे साहित्य झिजते, त्याहून अधिक कधी कधी न वापरल्याने खराब होते.

मापांतील तफावत: वर्षापूर्वी घेतलेले माप शिबिराच्या वेळी जुळेलच असे नाही. साठा संख्येने पूर्ण असूनही हव्या मापाचे बूट नसणे ही जगभरच्या भांडारांतील परिचित अडचण आहे.

प्रकारांची विविधता: भारतीय सेनेत ५.५६ मिमी व्यासाची इन्सास, ७.६२ × ३९ मिमी काडतुसाची एके-२०३ आणि ७.६२ × ५१ मिमी काडतुसाची सिग ७१६ अशा रायफली आहेत. एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. नियमित सैनिकाला नव्या शस्त्राचा सराव वर्षभर मिळतो. अंशकालीन सैनिकाला मोजकेच दिवस मिळतात. ज्या शस्त्रावर त्याने सराव केला ते एक आणि बोलावणे आल्यावर हाती पडलेले दुसरे, असे झाल्यास त्याचे प्रशिक्षण वाया जाते. १५ जानेवारी २०२२ रोजी सेनेने नवा लढाऊ गणवेश सादर केला. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या व नव्या साहित्याचे दोन साठे काही काळ एकत्र सांभाळावे लागतात.

एकूण साठ्याची मर्यादा: भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१७ च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये सेनेच्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी केवळ ३१ प्रकार ४० दिवसांच्या अधिकृत साठ्याच्या पातळीवर होते, तर ६१ प्रकारांचा साठा १० दिवसांहून कमी, म्हणजे चिंताजनक होता. हे आकडे संपूर्ण सेनेचे आहेत. मात्र प्रादेशिक सेना याच साठ्यावर अवलंबून असल्याने तुटवड्याची झळ तिलाही बसू शकते.

सुरक्षितता: ३१ मे २०१६ रोजी पहाटे पुलगावच्या भांडारात लागलेल्या आगीत व स्फोटांत दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. साठा वाढवणे म्हणजे धोकाही वाढवणे, हे या घटनेने दाखवून दिले. म्हणून जुना व सदोष दारूगोळा वेळेवर नष्ट करणे हा पुरवठा व्यवस्थेचाच भाग मानला जातो.

सुधारणेचे उपाय

संच पद्धती: प्रत्येक सैनिकासाठी वैयक्तिक साहित्याचा पूर्ण संच त्याच्या मापानुसार बांधून, नावाची व क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवला जातो. हजर झालेल्या सैनिकाला दहा खिडक्यांवर दहा वस्तू घेण्याऐवजी एकच गाठोडे मिळते. मापे दर शिबिराच्या अखेरीस पुन्हा घेतली, तर पुढच्या वर्षीची मागणी आधीच पाठवता येते.

फेरवापर: आयुर्मर्यादा असलेले साहित्य ‘ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरा’ या नियमाने शिबिरात वापरून नवा माल साठ्यात भरतात. राखीव तुकडीचा साठा जवळच्या नियमित तुकडीच्या वापराशी जोडला, तर माल फिरता राहतो व नासाडी टळते.

महत्त्वानुसार वर्गवारी: वस्तूंची विभागणी अत्यावश्यक, आवश्यक व इष्ट अशी करून पहिल्या वर्गातील वस्तू पलटणीच्या मुख्यालयातच आणि तिसऱ्या वर्गातील वस्तू दूरच्या भांडारात ठेवतात. सर्वच वस्तू सर्व ठिकाणी ठेवण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

संगणकीय नोंद: ऑर्डनन्स भांडारांत संगणकीकृत साठा नियंत्रण आले असून दंडसंकेत व रेडिओ-चिठ्ठ्यांचा वापर गोदाम व्यवसायात रूढ आहे. यंत्रातील नोंद मात्र प्रत्यक्ष मोजणीची जागा घेऊ शकत नाही. कपाटातील वस्तू व पडद्यावरील आकडा यांचा ठरावीक काळाने ताळा घ्यावाच लागतो.

जमावाचा सराव: सूचना मिळाल्यापासून तुकडी साहित्यासह निघण्यापर्यंत किती तास लागतात, हे पूर्वसूचना न देता घेतलेल्या सरावातच कळते. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, वाहनात हवा आहे का, यादीतील माणसाचा पत्ता बदलला आहे का, अशा लहान गोष्टी अशा सरावात उघड होतात.

स्थानिक जोखमीनुसार साठा: कोल्हापूर व सांगली भागात २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले. अशा भागात नौका, जीवरक्षक जाकिटे, दोरखंड व जनित्रे पावसाळ्यापूर्वी तपासून पूररेषेच्या वर ठेवणे महत्त्वाचे ठरते. जे साहित्य लोकांना वाचवण्यासाठी आहे, तेच पाण्याखाली गेल्यास मदत पोहोचवण्याची वेळ निघून जाते.

वडपे-भिवंडी पट्ट्याचे स्थान

वडपे हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गाव मुंबई-नाशिक महामार्गावर वसलेले आहे. ठाण्याच्या माजिवड्याहून येणारा भिवंडी वळणरस्ता येथपर्यंत येतो. माजिवडा ते वडपे या सुमारे २४ किमी रस्त्याच्या आठपदरीकरणाचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले. याच तालुक्यातील आमणे येथे नागपूरहून येणारा ७०१ किमी लांबीचा समृद्धी महामार्ग संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

भिवंडी परिसर देशातील मोठ्या गोदाम केंद्रांपैकी एक आहे. मुंबई महानगरपालिकेची जकात लागू असताना तिच्या हद्दीबाहेर, परंतु शहराच्या जवळ माल ठेवणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. त्यामुळे ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपली, तरी बंदराची जवळीक, महामार्ग व मनुष्यबळ यांमुळे हा व्यवसाय टिकून राहिला.

ही गोदामे नागरी आहेत. राखीव दलांच्या दृष्टीने या पट्ट्याचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. पहिले, स्थानाचे. मुंबईकडून देवळालीच्या तोफखाना विद्यालयाकडे जाणारा रस्ता येथून जातो. समृद्धी महामार्गाने नाशिक, छत्रपती संभाजीनगर, वर्धा व नागपूर हे जिल्हे या पट्ट्याशी जोडले गेले आहेत. दुसरे, पद्धतीचे. माल उतरवणे, मापानुसार मांडणे, मागणीनुसार निवडून बांधणे आणि ठरल्या वेळी रवाना करणे ही कामे येथील गोदामांत नित्य चालतात. भाड्याची नागरी वाहने वापरण्याची पद्धत आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये पूर्वीपासून आहे. तंबू, कपडे, भांडी व आपत्ती निवारणाचे साहित्य यांच्या वाहतुकीसाठी नागरी क्षमतेचा उपयोग होऊ शकतो; शस्त्रे व दारूगोळा मात्र लष्करी ताब्यातच ठेवावे लागतात. या भागातील वाहतूक कोंडी ही मोठी मर्यादा आहे. अंतर कमी असूनही लागणारा वेळ निश्चित सांगता येत नसेल, तर पर्यायी मार्ग व रात्रीची वाहतूक यांचा विचार योजनेत करावा लागतो.

इतर देशांतील अनुभव

स्वित्झर्लंडमध्ये राखीव सैनिक आपले वैयक्तिक शस्त्र व साहित्य घरी ठेवतात. त्यामुळे वाटपाचा वेळ वाचतो. मात्र सुरक्षिततेच्या कारणावरून घरी ठेवलेला दारूगोळा परत घेण्याचा निर्णय तेथे २००७ मध्ये झाला. इस्रायलमध्ये राखीव तुकड्यांचे साहित्य आणीबाणीच्या भांडारांत तयार ठेवण्याची पद्धत आहे. तरीही २००६ च्या लेबनॉन युद्धात राखीव सैनिकांच्या साहित्यातील उणिवा उघड झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर सैनिक बोलावले गेल्यावर शिरस्त्राणे व संरक्षक जाकिटे यांच्या तुटवड्याच्या तक्रारी आल्या. अमेरिकेत इराक युद्धाच्या काळात नॅशनल गार्डच्या तुकड्यांचे बरेच साहित्य परदेशात राहिल्याने स्वदेशातील आपत्तींसाठी साहित्य अपुरे पडण्याचा प्रश्न उभा राहिला. भांडार असणे आणि ते पूर्ण व वापरण्याजोगे असणे यांतील अंतर या उदाहरणांतून दिसते.

खर्च व उत्तरदायित्व

राखीव दलाचे समर्थन बहुधा काटकसरीच्या मुद्द्यावर केले जाते, कारण वर्षभराचे वेतन द्यावे लागत नाही. परंतु साहित्याचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. दोन महिने वापरायच्या रायफलीलाही पूर्ण किंमत व वर्षभर पहारा लागतो. २०२५ च्या आदेशातही तुकड्या सेवेत घेणे अर्थसंकल्पीय तरतुदीच्या उपलब्धतेशी जोडले होते आणि इतर मंत्रालयांच्या मागणीवरून बोलावलेल्या तुकड्यांचा खर्च त्या मंत्रालयांनी सोसावा, असे म्हटले होते.

साहित्य कमी असल्यास तुकडी निरुपयोगी ठरते व जास्त असल्यास नासाडी होते. या दोहोंतील मध्य साधण्यासाठी खरी नोंद आवश्यक असते. तुटवडा लपवून ‘साठा पूर्ण’ असा अहवाल देणे ही या व्यवस्थेतील सर्वांत घातक चूक मानली जाते, कारण तिचे परिणाम भोगणारा सैनिक तो अहवाल लिहिणाऱ्यापासून फार दूर असतो.

हे सुद्धा पहा

• प्रादेशिक सेना
• मराठा लाइट इन्फन्ट्री
• आर्मी ऑर्डनन्स कोअर
• राष्ट्रीय छात्र सेना
• समृद्धी महामार्ग
• भिवंडी तालुका